समग्र, तरीही अवैध : चम्पेय्यक्खन्धकाचे एक वाचन

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा जो उल्लेख केला, तो आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, एकदा निकाली निघालेले प्रकरण पुन्हा न उकरण्याचा नियम, अशी ती यादी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन असो वा संविधान दिन, हा उल्लेख व्यासपीठावरून होतो, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. जगातील पहिली संसद आमच्या संघाची होती, एवढा अभिमान आपल्याला पुरतो.

बाबासाहेबांचे ते विधान अभिमानासाठी नव्हते. ज्या देशात ही पद्धती एकदा होती आणि नष्ट झाली, तो देश ती दुसऱ्यांदा गमावणार नाही कशावरून, हा त्यांचा प्रश्न होता. विनयातील यादी त्या प्रश्नाचा पुरावा म्हणून आली. ग्रंथाची अनुक्रमणिका वाचून ग्रंथ मिटून ठेवावा, तसे आपण त्या यादीचे केले आहे. विनयपिटक भिक्खूंचे, उपासकांना त्याचे काय, अशीही एक समजूत आपल्यात आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्ध संघाचा परिचय’ मराठीत करून दिला, राहुल सांकृत्यायन यांचा हिंदी अनुवाद १९३५ पासून उपलब्ध आहे, आय. बी. हॉर्नर यांचा सहा खंडांचा इंग्रजी अनुवाद १९६६ मध्ये पूर्ण झाला. तरीही आपल्या विहारांच्या ग्रंथालयांत सुत्तपिटकाच्या खंडांची पाने दुमडलेली आणि विनयाची कोरी असतात. प्रस्तुत लेखात महावग्गाच्या नवव्या खंधकाचे, म्हणजे चम्पेय्यक्खन्धकाचे, वाचन करावयाचे आहे. संघटना नियमाने चालते म्हणजे नेमके काय होते, हे या एका प्रकरणात जितके उघड होते तितके अन्यत्र क्वचितच होत असेल.

प्रकरणाचा आरंभ एका साध्या माणसापासून होतो. काशी जनपदातील वासभगामात कस्सपगोत्त नावाचा एक आवासिक भिक्खू राहतो. बाहेरून आलेल्या भिक्खूंची व्यवस्था लावावी, त्यांना यागू, भोजन मिळावे, यासाठी तो झटतो. काही भिक्खू येतात, त्यांचे उत्तम आतिथ्य होते आणि ते तेथेच राहून जातात. आता हे येथे रुळले आहेत, यांच्यासाठी सतत दुसऱ्यांच्या दारी जाऊन सांगणे बरे नव्हे, असा विचार करून कस्सपगोत्त आपली खटपट थांबवतो. पाहुण्यांना ते खटकते. तुझ्याकडून अपराध झाला आहे, तो मान्य कर, असे ते म्हणतात. तो मान्य करीत नाही तेव्हा त्याच्यावर उक्खेपनीय कम्म करतात, म्हणजे त्याला संघव्यवहारातून वगळतात. कस्सपगोत्ताला कळेना की हा अपराध आहे की नाही. तो चम्पा नगरीला तथागतांकडे जातो. तथागत त्याला आधी विचारतात : प्रवास सुखाचा झाला ना, थकला नाहीस ना? मग निर्णय देतात : हा अपराध नाही, तुला वगळले गेलेले नाही, ज्या कम्माने तुला वगळले ते अधम्म आहे, रद्द होण्याजोगे आहे, जा, वासभगामातच राहा.

या कथनाचे वाङ्मयीन मर्म नीट पाहावे. येथे कोणी दुष्ट नाही. देवदत्तासारखे पात्र नाही, कट नाही. सवलतीची सवय झालेली काही माणसे आहेत आणि ती बंद होताच त्यांच्या हाती असलेला नियम ती शस्त्रासारखा वापरतात. संघाचा नियम मोडून नव्हे, संघाचा नियम लावून कस्सपगोत्तावर अन्याय झाला. म्हणून विनयकाराला पुढे नवा अपराध सांगावयाचा नाही. नियम कसा लावला म्हणजे तो नियम राहतो, हे सांगावयाचे आहे. संपूर्ण खंधक याच एका प्रश्नाचे उत्तर आहे.

ते उत्तर कम्माच्या वर्गीकरणातून येते. संघाचे कार्य दोन कसोट्यांवर तपासावयाचे : ते धम्माने, म्हणजे विहित पद्धतीने, झाले काय, आणि संघ समग्र होता की वग्ग, म्हणजे अपुरा. अधम्माने व अपुऱ्या संघाने केलेले कार्य अवैध, हे कोणालाही पटेल. अधम्माने पण समग्र संघाने केलेले, तेही अवैध. धम्माने पण अपुऱ्या संघाने केलेले, तेही अवैध. या दोहोंच्या मध्ये विनयाने आणखी एक वर्ग ठेवला आहे, ‘धम्मपतिरूपक’, म्हणजे धम्मासारखे दिसणारे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचा शब्द हाच आहे.

पतिरूपक कोणते, हे समजण्यासाठी विनयातील ठरावाची रीत आठवावी. प्रथम ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्तावाची सूचना, संघापुढे ठेवावयाची : संघाने माझे ऐकावे, अमुक विषय आहे, संघाला योग्य वाटल्यास संघाने अमुक करावे. त्यानंतर ‘कम्मवाचा’, म्हणजे प्रत्यक्ष ठराव, ऐकवावयाचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. साध्या कार्यात कम्मवाचा एकदा, उपसंपदेसारख्या गंभीर कार्यात तीन वेळा. आता पतिरूपक कम्म म्हणजे काय? आधी कम्मवाचा ऐकवली आणि मागाहून ञत्ति ठेवली. शब्द सगळे तेच, माणसे सगळी तीच, फक्त क्रम उलटा. सर्व भिक्खू हजर आहेत, गैरहजरांची संमती आणलेली आहे, कोणी विरोध केलेला नाही. तरीही तथागत म्हणतात, हे कम्म करू नये, मी त्याची अनुज्ञा दिलेली नाही.

एवढ्याशा क्रमासाठी एवढा आग्रह का? कारण ञत्ति आधी आली तर माणसाला विचार करण्यास अवसर मिळतो. ठराव आधी आला तर त्याच्या वाट्याला केवळ मान डोलावणे उरते. आपल्या संस्थांच्या सभांना बसलेल्या कोणालाही हे पतिरूपक ओळखू येईल. विषयपत्रिकेच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ अशी ओळ असते, आणि सभेतील सर्वांत गंभीर निर्णय अनेकदा त्या ओळीखाली होतात. इतिवृत्त आधी लिहून तयार असते, सूचक आणि अनुमोदक यांची नावे नंतर विचारून भरली जातात. कागदावर सर्व काही यथासांग दिसते.

प्रस्तुत लेखक काही वर्षे एका विहाराच्या कार्यकारिणीवर होता. बांधकाम निधीच्या पावत्या दाखवा, असा आग्रह एका जुन्या सभासदाने धरला होता. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या वेळी तो गावी आजारी होता. त्या सभेत आयत्या वेळच्या विषयात ‘संस्थेची बदनामी’ या कारणाने त्याचे सभासदत्व रद्द करण्याचा ठराव वाचला गेला. मागच्या ओळीतील एक उपासिका शेजारणीला म्हणाली, “ते आजारी आहेत, त्यांना विचारल्याशिवाय कसं काढता?” व्यासपीठापर्यंत ते पोहोचले नसेल, मधल्या ओळींपर्यंत पोहोचले होते. ठराव सर्वानुमते मंजूर, अशी नोंद झाली. त्या इतिवृत्तावर प्रस्तुत लेखकाचीही सही आहे.

आता चम्पेय्यक्खन्धक काय म्हणतो ते पाहावे. संघात कोणाचा विरोध ग्राह्य आणि कोणाचा नाही, याची तेथे तपशीलवार चर्चा आहे. निर्दोष, समान संवासाचा आणि त्याच सीमेत उभा असलेला भिक्खू असेल, तर त्याचा विरोध ग्राह्य आहे. आणि किमान तो आपल्या लगतच्या भिक्खूला कळवील एवढा जरी असला, तरी ग्राह्य आहे. सभेत उभे राहून मोठ्याने बोलण्याचे धैर्य प्रत्येकात नसते, हे या नियमाला माहीत आहे. महावग्गाच्या दुसऱ्या खंधकात याच जाणिवेची आणखी एक अनुज्ञा आहे. अधम्म कम्म होत असता विरोध करणाऱ्यांवर छब्बग्गिय भिक्खू चिडतात, तेव्हा तथागत सांगतात : चार-पाच जण असाल तर विरोध करा, दोघे-तिघे असाल तर आपले मत प्रकट करा, एकटेच असाल तर निदान मनाशी ठरवा की हे मला मान्य नाही. संघटनेतील भीतीचा इतका सहृदय विचार करणारी दुसरी नियमावली प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

मात्र याच परिच्छेदाचा दुसरा भाग झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांचा विरोध ग्राह्य नाही त्यांच्या यादीत, मनोविकल आणि संघातून वगळलेल्यांच्या बरोबरीने, भिक्खुनीचे नाव आहे, आणि ते सर्वांत आधी आहे. भिक्खुनीसंघाची कार्ये स्वतंत्र होती हे खरे. पण भिक्खुसंघाच्या कार्यात तिचा शब्द मोजला जात नव्हता, हेही तितकेच खरे. आमच्या त्या उपासिकेचे नाव सभासद नोंदवहीत पुरुषांच्या बरोबरीने होते, वर्गणी तेवढीच होती, मताचा अधिकार तोच होता. विनयाने जो अधिकार तिला दिला नसता तो संविधानाच्या देशातील घटनेने तिला दिला होता; आणि विनयाने कुजबुजीलाही जी प्रतिष्ठा दिली ती आम्ही तिला दिली नाही.

वग्ग आणि समग्र या कसोटीकडे वळू. गणपूर्तीचे नियम विनयात कार्यागणिक आहेत. चार भिक्खूंचा संघ बरीच कार्ये करू शकतो. परंतु पवारणेला पाच लागतात, मध्यदेशात उपसंपदेला दहा, आणि संघादिसेस अपराधातून भिक्खूला पुन्हा संघात घेण्यास वीस. ज्या कार्याने माणसाचे स्थान बदलते त्याला संख्या जास्त. पण केवळ संख्या भरल्याने संघ समग्र होत नाही. सीमेत असलेल्या प्रत्येकाने यावे किंवा आपला ‘छंद’, म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी पाठवावी. भिक्खू आजारी असेल तर त्याचा छंद आणावा. तो देऊ शकत नसेल तर त्याला मंचकासह उचलून संघामध्ये आणावे. उचलल्याने आजार बळावेल असे वाटले तर संघाने उठून त्याच्याकडे जावे आणि तेथे कार्य करावे. अपुऱ्या संघाने मात्र करू नये.

आता आपल्या संस्थांच्या घटनांतील एक कलम या शेजारी ठेवून वाचावे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या आपल्याकडील अनेक मंडळांच्या नियमावलीत ते थोड्याफार फरकाने आढळते : गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. कायद्याच्या दृष्टीने या कलमात वावगे काही नाही, आणि कामकाज अडून राहू नये हा त्याचा हेतूही समजण्यासारखा आहे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की, गणपूर्तीचे कलम अर्धा तास जिवंत असते. कार्यकर्ते चहा घेतात, घड्याळ पाहतात आणि जे पंधरा जण आहेत तेच दोनशे सभासदांची सर्वसाधारण सभा होतात. पुढे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज जातो, त्यावर हरकत येते, आणि विहाराच्या दानपेटीतील पैसा वकिलांच्या फीमध्ये जातो. ते कलम आपण विचारपूर्वक स्वीकारलेले नसते. नोंदणी करून देणाऱ्याकडे छापील नमुना होता, त्यात संस्थेचे नाव घातले, एवढीच आपल्या घटनेची घटना-समिती!

सर्व गोष्टी विनयातून जशाच्या तशा उचलाव्यात, असे सुचवावयाचे नाही. उलट संघ म्हणजे संसद हे समीकरण जेथे तुटते, तेथे ते तुटते असे स्पष्ट म्हणणे आवश्यक आहे. ‘प्रतोद’ हा शब्दच घ्या. काशीप्रसाद जायसवाल यांच्या ‘हिंदू पॉलिटी’ (१९२४) या ग्रंथाने गणपूरक म्हणजे प्रतोद हे समीकरण रूढ केले. मूळ ‘गणपूरक’ हा केवळ संख्या पुरी करणारा भिक्खू आहे. पक्षादेश देणारा तो नव्हे. शलाकांद्वारे होणाऱ्या मतदानाची गोष्ट याहून गंभीर आहे. चुल्लवग्गाच्या चौथ्या खंधकात त्याच्या तीन रीती दिल्या आहेत : गुप्त, कानात सांगून, आणि उघड. शलाका वाटणारा भिक्खू संघाने रीतसर नेमावयाचा. त्याने प्रेम, द्वेष, मोह, भय यांच्या आहारी जाऊ नये, आणि कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही, हे त्याला कळावे. गुप्त रीतीत शलाकांना वेगवेगळे रंग द्यावयाचे आणि घेतलेली कोणालाही दाखवू नको असे प्रत्येकाला सांगावयाचे. येथवर आपण अभिमानाने उद्धृत करतो. पुढचे वाक्य उद्धृत करीत नाही. शलाका वाटणाऱ्याला अधम्मवादी अधिक आहेत असे कळले, तर त्याने शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून मतदान रद्द करावे. धम्मवादी अधिक असतील तरच निकाल जाहीर करावा.

विनयाच्या चौकटीत याला अर्थ आहे. धम्म काय हे बहुमताने ठरत नाही. मतदान हा विवाद शमवण्याचा उपाय आहे, सत्य शोधण्याचा नव्हे. परंतु मते मोजणाऱ्यालाच मतांचा न्याय करण्याचा अधिकार दिला, तर आजच्या कोणत्याही संस्थेत काय होईल हे सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी शलाकांचा गौरवाने उल्लेख केला. हा अधिकार मात्र संविधानात कोठेही येऊ दिला नाही. त्यांनी विनयाचा वारसा घेतला तो निवडून घेतला. आपण एक तर सर्व घेतो, नाही तर फक्त नाव घेतो.

त्याच खंधकात दुसरी एक मर्यादा आहे, तिच्याकडे आपले लक्ष जावयास हवे होते. बहुमताचा उपाय, ‘येभुय्यसिका’, हा फक्त विवादासाठी आहे : हे धम्म की अधम्म, हे विनय की अविनय, अशा मतभेदासाठी. व्यक्तीवरील आरोपाचे प्रकरण बहुमताने शमवण्याची सोयच तेथे नाही. त्याला सम्मुखविनय लागतो; संघ, धम्म, विनय आणि ती व्यक्ती, चारही समोर हवीत. छब्बग्गियांनी गैरहजर भिक्खूंवर कार्ये केली तेव्हा तथागतांनी ती निषिद्ध ठरवली, त्या प्रसंगानेच हा खंधक सुरू होतो. हात वर करून एखाद्याला दोषी ठरवणे हे विनयाच्या दृष्टीने अल्पमताने ठरवण्याइतकेच निरर्थक आहे. आमच्या त्या सभेत ठराव एकमताने झाला की बहुमताने, हा प्रश्नच नव्हता.

राहिला नियमांच्या दुरुस्तीचा प्रश्न. अवंति-दक्षिणापथात भिक्खू विरळ होते. सोण कुटिकण्णाच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमवण्यास महाकच्चानाला तीन वर्षे लागली. ही अडचण सोणाकरवी तथागतांच्या कानी घातली गेली आणि प्रत्यंत जनपदांत विनयधरासह पाच भिक्खू पुरेत, अशी सुधारणा झाली. नियम अशक्य झाला तेव्हा तो उघडपणे, कारण सांगून, सर्वांसाठी बदलला. एका सोणापुरती सूट दिली गेली नाही. परिनिब्बानापूर्वी तथागतांनी संघाला इच्छा असल्यास क्षुद्रानुक्षुद्र नियम काढून टाकण्याची मुभा दिली. पहिल्या संगीतीत ती मुभा वापरली गेली नाही. क्षुद्र कोणते हे आनंदाने विचारून घेतले नव्हते, म्हणून महाकस्सपाच्या ञत्तीने जे आहे तेच कायम झाले. त्या काळी संघ टिकवण्यासाठी ते योग्य असेलही. पण दुरुस्तीचा मार्ग त्या दिवशी अरुंद झाला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. बाबासाहेबांनी अनुच्छेद ३६८ ठेवला, आणि एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये या जेफरसनच्या विचाराचा त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात आधार घेतला. आपल्या संस्थांच्या घटनांतही दुरुस्तीचे कलम असते. ते बहुधा पदाधिकाऱ्यांची मुदत वाढवण्यासाठी स्मरते.

नियमाचा आधार एकट्या माणसाला कसा मिळतो, याचे उदाहरण चुल्लवग्गाच्या शेवटच्या खंधकात आहे. वेसालीचे वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र संघात ठेवून उपासकांकडे कहापण मागत होते. यस काकंडकपुत्ताने उपासकांना देऊ नका असे सांगितले. भिक्खूंनी त्याचा वाटा काढून ठेवला, तो त्याने नाकारला. तेव्हा त्यांनी त्याच्यावर पटिसारणीय कम्म केले : उपासकांची क्षमा माग. यसाने ते कम्म अवैध आहे असा गलका केला नाही. तो म्हणाला, पटिसारणीय कम्म झालेल्या भिक्खूला सोबत अनुदूत द्यावा असा नियम आहे, मला अनुदूत द्या. त्यांना द्यावा लागला. मग तो अनुदूताला घेऊन उपासकांकडे गेला आणि क्षमा मागण्याऐवजी, अनुदूताच्या साक्षीने, तथागतांनी सोन्यारुप्याविषयी काय सांगितले आहे ते त्याने त्यांना ऐकवले. ज्यांनी त्याच्यावर नियम चालवला, त्यांच्याच नियमावलीतील एक ओळ त्याला पाठ होती. पुढे सातशे भिक्खूंची संगीती भरली, पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ जणांकडे विषय सोपवला गेला आणि दहाही वत्थू अमान्य ठरल्या. त्या आठांत यस होता.

आमच्या विहारातील तो सभासद बरा होऊन परत आला, तेव्हा त्याने संस्थेच्या घटनेची प्रत मागितली. कार्यालयात ती नव्हती. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढण्यास त्याला दोन महिने लागले. सभासदत्व रद्द करण्यापूर्वी सभासदास लेखी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे कलम तिच्यात होते. ते प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी प्रथम वाचले.